दार कोणाच्याच ठेक्यात नव्हतं

दारव्ह्यात निजामुद्दीन मिस्त्रींच्या हातची फरशी ओळखायची एकच खूण आहे. तिच्यावर पाणी थांबत नाही. बादली उपडी करा, कपडे बडवा, भांडी विसळा. पाणी मागे वळून न बघता सरळ जाळीकडे निघतं. मिस्त्रींचं म्हणणं असं, की "पाण्याले सांगा लागू नये, कुठं जाचं ते."

त्यासाठी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक हिरवी काचेची गोटी असते. फरशी बसवली की मिस्त्री पालथे झोपतात, गाल फरशीला लावतात, एक डोळा मिटतात आणि गोटी सोडतात. गोटी जाळीपाशी जाऊन थांबली तर ठीक. वाटेत कुठे घुटमळली तर ती फरशी उखडायची आणि परत बसवायची. एकदा भर बाजाराच्या दिवशी एका दुकानाच्या ओट्यावर ते असे झोपलेले दिसले तेव्हा लोकांना वाटलं, म्हातारा चक्कर येऊन पडला. कोणीतरी धावत जाऊन कांदा फोडून नाकाला लावला. मिस्त्री जागचे हलले नाहीत. म्हणाले, "कांदा जरा बाजूले घ्या. गोटी दिसून नाई राह्यली."

आता अशा माणसाला वेळ लागतो. किती लागतो, ते वामनरावांना विचारा. त्यांच्या व्हरांड्याचं काम सुरू झालं तेव्हा त्यांचा मुलगा दहावीला होता, आणि संपलं तेव्हा तो कॉलेजच्या सुट्टीत मिशी घेऊन घरी आला होता. वामनराव आजही व्हरांड्यात येणाऱ्या प्रत्येकाला चप्पल काढायला लावतात. म्हणतात, "जपून बापा. याच्यात माहे तीन वर्षं गेले."

मिस्त्री आळशी नाहीत. पहाटेच घराबाहेर पडतात. पण वाटेत त्यांनीच बांधलेल्या भिंती लागतात. प्रत्येक भिंतीवरून हात फिरवायचा, ओल आली का बघायची, घरमालकाला "काय म्हनते भिंत?" असं विचारायचं, त्यानं चहा म्हटला की बसायचं. दहा मिनिटांची वाट, पण कामावर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर.

त्यांच्या बायकोचं, रहमतबीचं, याच्या उलट. त्या दाईचं काम करत. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण आधीचं पोट चोळणं आणि नंतरची बाळाची तेल-मालीश, आंघोळ, शेक यासाठी दारव्ह्याच्या निम्म्या घरांतून त्यांनाच बोलावणं येतं. रहमतबीला थांबणं माहीत नाही. येणारं बाळ थांबत नाही, म्हणून त्याही थांबत नाहीत. नवऱ्याबद्दल त्यांचं मत स्पष्ट आहे.

"यांच्या हाती जचकी दिली असती ना बाई, तर लेकरू दाढी घेऊन बाहेर आलं असतं!"

तर असे हे मिस्त्री, वयाच्या पासष्टीत, कुठलंही काम मुदतीत पूर्ण न करता, सुखानं जगत होते. मग समीक्षाचा फोन आला.

समीक्षा म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या पुंडलिकराव आणि वच्छलाबाईंची एकुलती एक लेक. कापूस, सोयाबीन, मधल्या ओळीत तूर, असं या घराचं चांगलं चाललेलं. समीक्षा दिली होती वणीकडे, राजूरला. जावई कपिल कोळशाच्या खाणीत कामाला. समीक्षाला आठवा महिना लागत होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. वच्छलाबाईंनी आठ गोधड्या शिवून ठेवल्या होत्या. डिंक आणून डब्यात भरला होता.

"आई, मी येतो," समीक्षा फोनवर म्हणाली, "पण तो परसातला संडास मले जमत नाई आता. सात पायऱ्या उतरा, अन् मंग उकिडवं बसा. डॉक्टरीन बाईनं मना केलं."

"मंग?"

"मंग काय? इथं सासूबाईनं घरातच इंग्लिश सीट बसवली. तिकडं तशी नसन तर मी इथंच राहतो. तूच ये इकडं."

वच्छलाबाईंनी डिंकाच्या डब्याकडे पाहिलं. व्याह्यांच्या घरी जाऊन, विहिणीच्या स्वयंपाकघरात, विहिणीच्या कढईत डिंक तळायचा? आणि विहीण बाजूला उभी राहून म्हणणार, आमच्याकडं इतकं तूप नाही लागत! छे.

"तू येशीन कधी?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या गुरुवारी."

"ये. सीट राहीन."

म्हणजे हातात दहा दिवस. जागा होती. घराच्या मागच्या भिंतीला लागून पुंडलिकरावांनी चार वर्षांपूर्वी हौसेनं एक जोतं बांधलं होतं, टाकी खणली होती, नळी टाकली होती. मग हौस संपली. तेव्हापासून त्या जोत्यावर तुरीच्या शेंगा वाळत. आता फक्त तीन भिंती, फरशी, सीट आणि वर पत्रा.

पुंडलिकरावांनी दहापैकी सहा दिवस चौकशीत घालवले. पुंडलिकराव बैल घेताना दात मोजतात, भाजी घेताना भेंडीचं टोक मोडून बघतात, आणि एकदा तर त्यांनी लग्नाच्या पंगतीत वाढप्याला विचारलं होतं की जिलबी आजची का कालची. त्यांनी गावातल्या प्रत्येक मिस्त्रीला परसात आणून जोतं दाखवलं. शेवटी दोघं उरले.

एक फकिरा. पस्तिशीचा, चपळ, तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. हा एकेकाळी निजामुद्दीन मिस्त्रींचाच चेला. पण मिस्त्रींनी त्याला पहिले सहा महिने फक्त तराई करायला लावली. तराई म्हणजे नव्या बांधकामावर रोज पाणी मारत राहणं, म्हणजे सिमेंट पक्कं धरतं. सहा महिने पाणी मारून मारून फकिरा म्हणाला, "उस्ताद, मी मिस्त्री बनायले आलतो, माळी नाई," आणि गेला. आता त्याची ख्याती अशी की तुम्ही जेवायला बसा, हात धुवायला उठाल तर समोर भिंत.

"एका दिसात तीन भिंती," फकिरा म्हणाला. "सकाळी सुरू, दुपारी खलास."

"टिकतीन?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"काका, तुमाले लवकर पाह्यजे का टिकाऊ?"

दुसरे अर्थातच निजामुद्दीन मिस्त्री. त्यांनी जोत्याभोवती तीन चकरा मारल्या, पालथे झोपले, उठले, गुडघा चोळला आणि म्हणाले, "चाळीस दिवस."

"चाळीस! मिस्त्री, पोरगी गुरुवारी येते!"

"येऊ द्या ना. मी काई बोललो?"

"मले लवकर पाह्यजे, पक्कं पाह्यजे, अन् भाव जरा बसवून घ्या. आपल्याच गल्लीतलं काम हाये."

मिस्त्रींनी खिशातून गोटी काढली, जोत्यावर ठेवली आणि बोटानं धरून ठेवली. "भाऊ, हे पाहा. मी ढाळ इकडं देला तर गोटी इकडं जाईन. तिकडं देला तर तिकडं जाईन. तुमी म्हनता चारी अंगाले ढाळ द्या. मंग गोटी कुठं जाईन?"

"कुठं?"

"माह्या खिशात. अन् मी माह्या घरी." त्यांनी गोटी खिशात टाकली आणि ते निघालेच.

वच्छलाबाई रहमतबीकडे गेल्या आणि पदर डोळ्याला लावला. रहमतबीनं कारण ऐकलं आणि चुलीवरचा चहा उतरवायच्या आधी निकाल दिला. "समीक्षाले पहिली आंघोळ म्या घातली. तिच्या लेकराले बी मीच घालीन. राजूरले कोन्या गैर बाईच्या हाती जाऊ देत नाई." मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडल्या, "सुनते क्या जी? मंगल से काम पे जाना है! और रास्ते में किसी की दीवार को हाथ नहीं लगाना!"

आतून थापी पिशवीत पडल्याचा आवाज आला. म्हणजे हो.

आणि इथे पुंडलिकरावांच्या डोक्यात ती कल्पना आली. चौकशीचे सहा दिवस वाया गेले नाहीत असं त्यांना वाटायला लावणारी कल्पना. लवकर पाहिजे ना? भिंती फकिराला द्यायच्या. पक्कं पाहिजे ना? फरशी आणि सीट निजामुद्दीनला द्यायची. स्वस्त पाहिजे ना? विटा, रेती, सिमेंट आपण स्वतः घासाघीस करून आणायचं. आणि दोघांनी एकाच दिवशी, सोबतच काम करायचं.

"भिंतीच्या आंधी फरशी?" मिस्त्री म्हणाले. "हे तं नवरदेवाच्या आंधी वरात निंगाली."

"संगमंग, मिस्त्री. आंधी नाई, संगमंग."

राहिला प्रश्न दाराचा. दार कुठून काढायचं, यावर नवरा-बायकोचं चार वर्षांपासून पटलं नव्हतं. खरं तर हौस संपली ती त्याच्यामुळेच. वच्छलाबाईंना दार घराच्या मधल्या खोलीतून हवं होतं. मागची भिंत फोडायची आणि आतल्या आत जायचं. पुंडलिकरावांना दार परसातून हवं होतं. "घराची भिंत फोडाची नाई," एवढंच ते म्हणत. का, ते सांगत नसत. सगळे समजायचे, खर्च वाचवून राह्यले.

सोमवारी संध्याकाळी पुंडलिकराव फकिराला हळूच म्हणाले, "परसाच्या अंगाले दार सोडजो."

मंगळवारी पहाटे वच्छलाबाई फकिराला चहा देताना हळूच म्हणाल्या, "परसाच्या अंगाले दार नको सोडू. दार घरातून हाये."

फकिरानं विचार केला. चहा कोण देतं? वच्छलाबाई. झालं.

मंगळवारी सकाळी काम सुरू झालं. निजामुद्दीन मिस्त्री, आयुष्यात पहिल्यांदाच, सूर्याच्या बरोबर कामावर पोचले. कारण रहमतबीनं त्यांना स्वतः आणून सोडलं. ते जोत्यावर चढले, सीटची जागा आखली, ती बसवली, आणि फरशीच्या ढाळाकडे वळले. बाहेरून फकिरा आणि त्याचे दोन मजूर. सप, सप, सप, माल पडत होता. टक, टक, टक, विटा बसत होत्या. दोन्हीकडची भिंत घोट्याला आली, गुडघ्याला आली, कमरेला आली. मिस्त्री पालथे झोपलेले. एक डोळा मिटलेला. दुसरा डोळा गोटीवर. पुंडलिकराव स्वस्तातला पत्रा बघायला बाजारात गेले होते आणि वच्छलाबाई डिंक निवडत होत्या. परसाकडची भिंत चढली, मिस्त्रींच्या अंगावर सावली आली. मिस्त्री पुटपुटले, "बरं झालं, ऊन गेलं."

दुपारी दोनच्या सुमारास रहमतबी डबा घेऊन आल्या. परसात तीन कोऱ्या भिंती उभ्या, सात-सात फूट, आणि समोर फकिरा खर्रा मळत बसलेला.

"आमचे हे कुठी गेले?"

"मले काय मालूम? चहा पेवाले गेले असतीन. सकाळपासून आवाज नाई."

तेवढ्यात भिंत बोलली.

"फकिरा, चौथा थर अर्धा सूत बाहेर आला."

फकिराच्या हातातला खर्रा पडला. "आत कोन हाये?"

"तुहा उस्ताद."

"तुमी आत काय करून राह्यले?"

"फरशी. तू बाहेर काय करून राह्यला?"

"भिंत."

"अन् दार?"

"दार माह्या ठेक्यात नाई."

मग शांतपणे, "माह्याबी नाई."

रहमतबीनं डबा खाली ठेवला, कपाळाला हात लावला आणि भिंतीला एक चक्कर मारली. तीन बाजूंनी नवी भिंत, चौथ्या बाजूला घराची जुनी. वर आकाश. "या अल्ला! जिंदा माणूस चुनून टाकला माहा!"

वच्छलाबाई डिंक सांडत धावत आल्या. शेजारचे आले. वामनराव चप्पल हातात घेऊन आले. फकिरा शिडी घेऊन आला आणि भिंतीला लावायला लागला. आतून डरकाळी.

"शिडी लावाची नाई! ओली भिंत हाये!"

"उस्ताद, शिडी लावली नाई तर निंगान कसे?"

"एका दिसात सात फूट भिंत कोन चढवते? चार फुटाच्या वर चढवाची नाई हे तुले शिकवलं नाई मी?"

"तुमी मले फक्त पाणी माराले शिकवलं!"

"मंग मार! तराई कर! कायले उभा राह्यला?"

"चार विटा काढतो परसाकडून," फकिरा कळवळून म्हणाला. "ओल्याच हायेत, हातानं निंगतीन."

"खबरदार! एक वीट काढशीन तर बाकीच्या हालतीन. कच्च्या भिंतीले हात लावाचा नाई म्हंजे नाई. दार काढाचं तर घराच्या जुन्या भिंतीतून काढाचं. छन्नी-हातोडा हाये माह्यापाशी. पन आंधी भाऊ अन् वहिनी दोघं एका तोंडानं सांगतीन, तवाच. मी एकडाव फोडलं का बुजवत नाई."

वच्छलाबाईंचा चेहरा उजळला. त्या भिंतीला तोंड लावून म्हणाल्या, "फोडा मिस्त्री! मी सांगून राह्यली!"

"भाऊ कुठं हाये?"

भाऊ तेवढ्यात पत्रा डोक्यावर घेऊन परसात शिरले. त्यांना सगळं समजावून सांगायला पाचजण एकदम बोलले. पुंडलिकरावांनी पत्रा उतरवला, भिंतीकडे पाहिलं, फकिराकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"घराची भिंत फोडाची नाई."

"अवो, मिस्त्री आत हाये!"

"राहू द्या. काम तं करून राह्यला ना?"

"हो, करून राह्यलो," आतून आवाज आला. खरंच, खट् खट् फरशा बसत होत्या. चहाला कोणी बोलावत नव्हतं, वाटेत भिंत लागत नव्हती, कोणी हालहवाल विचारत नव्हतं. चार दिवसांची फरशी मिस्त्रींनी त्या दुपारी तीन तासांत संपवली. ही गोष्ट रहमतबीच्या सगळ्यात आधी लक्षात आली आणि त्या वच्छलाबाईंच्या कानाशी लागून म्हणाल्या, "बाई, अडतीस वर्षं झाले निकाह होऊन. मले पह्यलेच मालूम असतं, तर मी कधीची भिंत बांधली असती."

पण उपाशी तर ठेवता येत नव्हतं. दोरीनं डबा सोडावा तर दोरी ओल्या भिंतीला घासेल, म्हणून तेही मना. शेवटी आंबे तोडायचा लांब बांबू आणला, त्याच्या टोकाच्या जाळीत आधी डबा, मग चहाची किटली, मग रहमतबीनं छत्री टाकली आणि ते सगळं भिंतीवरून अलगद आत गेलं. आतून भुरकल्याचा आवाज आला.

"साखर कमी हाये."

"ओय! मेहमान बनके गये क्या अंदर?"

वच्छलाबाईंनी मग नवऱ्यासमोर उभं राहून आवाज चढवला. "तुमाले कायचा लोभ हाये त्या भिंतीचा? पैसे वाचवाचे हायेत? माही लेक येनार नाई हो! ते राजूरले बाळंतीन होईन, अन् मी इथं आठ गोधड्या घेऊन बसीन! तेच पाह्यजे का तुमाले?"

पुंडलिकराव पत्र्याची एक बाजू नखानं खरवडत राहिले.

आणि तेवढ्यात दारापुढे जीप थांबली. वडाप जीपमधून, दोन दिवस आधीच, हातात पिशवी, पुढे पोट आणि मागे कपिल, अशी समीक्षा उतरली. "यांची सुट्टी आज लागली, म्हणून आजच आलो," म्हणत ती सरळ परसात आली, आणि तिला दिसलं ते असं: एक बिनदाराची खोली, भोवती दहा-बारा माणसं, आंब्याचा बांबू, आणि आई-बाबा एकमेकांकडे पाठ करून.

"हे काय हाये?"

"तुहा संडास," वच्छलाबाई रडक्या आवाजात म्हणाल्या.

"जाचं कुठून?"

"तेच तं!"

"समीक्षा आली का?" भिंतीनं विचारलं.

"आं? निजामचाचा? तुमी कुठं हाये?"

"तुह्या सीटवर बसलो, बेटा. झाकन लावून. उठाबशी करून गुडघा गेला."

समीक्षाला हसू फुटायला लागलं, पण बाबांचा चेहरा बघून तिनं आवरलं. ती त्यांच्यापाशी गेली. "बाबा, काहून नाई फोडू देत भिंत?"

"उगी."

"बाबा."

पुंडलिकरावांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग इतक्या हळू बोलले, की पुढच्या रांगेतल्यांनाच ऐकू आलं. "त्या भिंतीवर कैऱ्या-चांद्या हायेत."

मागच्या रांगेतून वामनराव ओरडले, "काय म्हनते? भिंतीत काय हाये?"

भिंतीत नाही, भिंतीवर होते. मधल्या खोलीच्या त्या भिंतीवर, बरोबर मध्यावर, काचेच्या चौकटीत पुंडलिकरावांच्या बैलजोडीचा फोटो होता. पोळ्याच्या तोरणात पहिला नंबर आला तेव्हाचा. शिंगांना बेगड, अंगावर झुली, आणि मध्ये ताठ उभे तरुण पुंडलिकराव. दोन्ही बैल जाऊन वर्षं झाली होती. फोटो तिथून हलला नव्हता.

"तुमी या फोटोसाठी चार वर्षं..." वच्छलाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "माय माय माय! अन् मी समजत होती, मानूस कंजूष हाये!"

"कंजूष तं हायेच तो," वामनराव म्हणाले.

"तिथं संडासाचं दार होईन," पुंडलिकराव म्हणाले, "अन् कैऱ्या-चांद्या कुठं जातीन? पलंगाखाली?"

समीक्षा म्हणाली, "बाबा, समोरच्या भिंतीवर लावू. मी स्वतः लावतो. अन् माह्या लेकराले मी त्यांचंच नाव सांगतो पह्यले. गाय-म्हैस मंग."

पुंडलिकरावांनी नाक ओढलं. मग नव्या भिंतीजवळ गेले आणि घसा खाकरून म्हणाले, "मिस्त्री. फोडा."

"वहिनी बी सांगतीन."

"फोडा म्हनलं ना दुपारीच!"

"एका तोंडानं!"

"फो-डा!" दोघं ओरडले. पहिल्यांदाच एका सुरात, असं शेजारचे सांगतात.

सगळे परसातून मधल्या खोलीत धावले. समीक्षानं फोटो उतरवून बाबांच्या हातात दिला. भिंतीतून ठक् ठक् सुरू झालं. फकिरा इकडून घण मारायला निघाला तेव्हा आतून "एकही घाव नको!" असं आलं, म्हणून तो हात बांधून बसला. छातीच्या उंचीवर एक वीट हलली, निघाली. मग दुसरी. छिद्रातून एक डोळा दिसला.

"रहमत, समीक्षा किती रुंद हाये?"

"पाच महिन्याची असती तं सांगतलं असतं. आता मोठी हाये!"

"तिच्या संगं एक बाई धरून चालन, इतकं दार पाह्यजे. तीन फूट धरतो."

"अडीच पुरे," पुंडलिकराव सवयीनं म्हणाले.

"भाऊ, मी परत वीट लावू का?"

"तीन, तीन!"

विटा निघत गेल्या. हातभर रुंद, दीड हात उंच भोक झालं आणि मिस्त्री थांबले. दारावर वरच्या विटांचा भार पेलणारी आडवी लिंटल टाकल्याशिवाय खालच्या विटा काढायच्या नाहीत. लिंटल टाकायची तर भिंतीच्या या अंगाला यावं लागणार. फकिरा म्हणाला, मी टाकतो. मिस्त्री म्हणाले, तुझी टाकलेली लिंटल मी पाहिली आहे. म्हणजे आता मिस्त्रींनी त्याच भोकातून बाहेर यायचं.

आधी दोन हात आले. मग टोपी. मग डोकं. मग मिस्त्री थांबले.

"काय झालं?"

"पोट."

"दुपारची किटली!" फकिरा म्हणाला.

आणि रहमतबीनं बाह्या सरसावल्या. हे त्यांचं काम होतं. "सब बाजू हो जाओ! हवा येऊ द्या! वच्छलाबाई, गरम पाणी नको, तेल आना. कपिल बेटा, तू बाहर जा, मर्द मानूस घाबरते."

"मी मर्द नाई का?" भिंतीतून मिस्त्री म्हणाले.

"तुम चूप. डोकं आलं, आता खांदे फिरवा. एक खांदा आंधी. शाब्बास. सास घ्या. लंबी सास. आता जोर लावा!"

"रहमत, शरम..."

"जोर लावा म्हनते ना!"

खोलीतल्या बायका सवयीनं एका सुरात म्हणायला लागल्या, "लाव, लाव, लाव!" समीक्षा पलंगावर बसून पोट धरून हसत होती. इतकी हसली, की वच्छलाबाई घाबरून तिच्याकडे धावल्या, तिकडून परत मिस्त्रींकडे. कोणाचं आधी होतं, कळेना. फकिरानं दोन्ही हात धरले, रहमतबीनं खांद्यांना तेल लावलं, आणि एका मोठ्या हिसक्यासरशी निजामुद्दीन मिस्त्री, अंगावर सिमेंट आणि केसांत विटेचा चुरा घेऊन, मधल्या खोलीत फकिराच्या अंगावर येऊन पडले.

"मुलगा हाये," रहमतबीनं जाहीर केलं. "पासष्ट वर्षांचा."

पुंडलिकरावांनी फोटो छातीशी धरूनच टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीच्या आत लिंटल बसली आणि दार मोकळं झालं. फकिरानं लिंटल धरली, उस्तादानं बसवली. मधेच उस्ताद म्हणाले, "चौथा थर सोडला तर भिंत बरी हाये." फकिरा दोन वेळा विचारून खात्री करून गेला, की हे आपल्यालाच म्हटलं. सीटवर मात्र दोन दिवस कोणी बसायचं नाही, असा हुकूम झाला. मघाशी झाकण लावून मिस्त्री स्वतःच बसले होते, याची कपिलनं आठवण दिली तेव्हा ते म्हणाले, "मी अंदाज घेऊन बसलो होतो." दोन दिवस समीक्षा वामनरावांकडच्या इंग्लिश सीटवर जात राहिली, चप्पल काढून.

गुरुवारी, म्हणजे ठरल्या दिवशी, पत्रा चढला आणि दारही बसलं. सगळे मधल्या खोलीत जमले. राजूरहून विहीणबाईंचा फोन आला होता, येतेस का परत, गाडी पाठवू का, म्हणून. समीक्षानं अजून उत्तर दिलं नव्हतं. वच्छलाबाई तिच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या, हातात पदराचं टोक.

मिस्त्रींनी खिशातून हिरवी गोटी काढली आणि समीक्षाच्या हातावर ठेवली. "तू सोड."

तिला वाकता येत नव्हतं. तिनं उंबऱ्यावर उभं राहून गोटी फक्त हातातून सोडली. गोटी फरशीवर पडली, टणटण दोनदा उडाली, भिंतीच्या कोपऱ्यात गेली. थांबली. मिस्त्री पालथे झोपायला निघालेच होते, तेवढ्यात गोटी हलली. आधी सावकाश, मग जरा घाईनं, सीटला वळसा घालून ती गेली आणि जाळीवर जाऊन टक् करून बसली.

"आई," समीक्षा म्हणाली, "त्याइले फोन करून सांग, गाडी नका पाठवू. अन् डिंक तळाले घे."

वच्छलाबाई रडायला लागल्या. रहमतबी म्हणाल्या, आता रडायचं काय त्यात, तूप कमी टाका. समीक्षा आत गेली. दार लागलं.

आणि लगेच परत उघडलं. ती डोकं बाहेर काढून समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिथे, काचेच्या चौकटीत, झुली घातलेले कैऱ्या आणि चांद्या तिच्याकडे टक लावून उभे होते, आणि मध्ये ताठ उभे तरुण बाबा.

"बाबा, हे तिघं जण मलेच पाहून राह्यले."

"मंग दार नीट लाव ना, माय," पुंडलिकराव म्हणाले. "अडीच पुरे म्हनलं होतं मी, तीन फुटाचं केलं कायले?"